निळी फीत, पिवळी फीत

त्सुजी नोबुएला त्या सकाळी कुणी विचारलं असतं की आज जिंकणार कोण, तर हातातला चहा खाली न ठेवता तिने सांगितलं असतं, "मी. आणखी कोण?" उगाच लाजणं तिला कधी जमलंच नाही. सदतीस वर्षं नोबुएबाईंनी हेडफोनचा आवाज लावण्यात घालवली होती. आवाज काढणारा कुठला पडदा किती ताणायचा, लाकडी वाटीत मागे किती लोकर भरायची, कुठे चिमूटभर कमी करायची, हे त्या बोटांनी ठरवायच्या आणि कानांनी तपासायच्या. इवाकुरांच्या कारखान्यात सात माणसं. त्यातली सहा जणं नोबुएबाईंनी मान हलवल्याशिवाय पेटी बंद करत नसत.

आज मात्र हेडफोनच्या मेळ्याला कारखान्यातून दोन हेडफोन आले होते. एक बाईंनी लावलेला, दुसरा ओबुचीने. ओबुची चौतीस वर्षांचा, अबोल, मान खाली घालून काम करणारा. दोन्ही नमुने वरून अगदी एकसारखे, तेच लाकूड, तोच पट्टा. आवाज तेवढा वेगळा. इवाकुरा मालकांनी महिनाभर दोन्ही ऐकले आणि त्यांचं काही ठरेना. शेवटी त्यांनी एकाला निळी फीत बांधली, दुसऱ्याला पिवळी, आणि म्हणाले, "मेळ्यात ठेवू. लोक सांगतील तो करायचा. सोमवारी साचा टाकायचा आहे, दुसरा नमुना मोडायचा."

निळी फीत बाईंची. इवाकुरांकडे चार वर्षांनी एक नवा हेडफोन निघतो, आणि येत्या मार्चमध्ये बाईंना साठ वर्षं पूर्ण होत होती. साठ झाली की घरी, हा तिथला नियम. म्हणजे निळा गेला तर गेला. यानंतर त्यांच्या कानाने लावलेलं काहीही कुणाच्या डोक्यावर चढणार नव्हतं. बाई हे कुणाकडे बोलल्या नव्हत्या. पण रोज रात्री अंथरुणावर पडलं की पहिला विचार तोच यायचा.

मेळा नेहमीसारखा नाकानोच्या सभागृहात. दहाला दारं उघडली आणि साडेदहापर्यंत स्टॉलसमोर रांग लागली. या मेळ्याची एक मजा आहे. हजारो माणसं जमतात आणि कुणी आवाज म्हणून करत नाही. जो तो डोळे मिटून, कानांवर काहीतरी चढवून बसलेला. बाहेरच्या माणसाला वाटावं, सामुदायिक डुलकी चालली आहे. हातात क्रमांकाचं तिकीट घ्यायचं, आपली वेळ आली की नमस्कार करून बसायचं, आपलं गाणं आपल्याच खिशातल्या यंत्रातून लावायचं, मिनिटभर निळा, मिनिटभर पिवळा, मग चिठ्ठीवर अभिप्राय. उठल्यावर स्टॉलवाल्याने कानाच्या गाद्या पुसायच्या, की पुढचा. कुठला हेडफोन कुणाचा, हे कुणालाही सांगायचं नाही.

आणखी एक नियम मालकांनी सकाळी आयत्या वेळी काढला. यंत्र आणि हेडफोन यांच्या मधे आवाज वाढवणारं अँप असतं, त्याची गुंडी एकदा बसवली की दुसऱ्या हेडफोनला हलवायची नाही. "दोघांना एकच माप," ते म्हणाले.

"मालक, पिवळा जरा जोरात वाजतो," बाई म्हणाल्या.

"मग? अडचण आहे का?"

बाईंनी खांदे उडवले. "मला कसली अडचण! वाजू दे. या लोकांना कान आहेत."

तिथेच चुकलं. पण बाई अशाच. आपल्या मालावर एवढा भरवसा, की समोरच्याला दोन पावलं पुढे उभं करून शर्यत लावायच्या.

अकराच्या सुमाराला मुकाईदा-सान आले. हे दातांचे डॉक्टर, पण दातांपेक्षा कानांवर जीव जास्त. प्रत्येक मेळ्याला हजर. पिशवीत तीन यंत्रं, स्वतःची उशी, आणि अभिप्राय लिहायला स्वतःचं पेन. त्यांचे अभिप्राय लोक नंतर वाचतात, म्हणून स्टॉलवाले त्यांना जरा दबून असतात. बाई कुणाला दबून नसायच्या.

"या मुकाईदा-सान. आज कुणाच्या दाढा तशाच ठेवून आलात?"

"शनिवारी मी कुणाचाच डॉक्टर नसतो," ते उशी ठेवत म्हणाले. "शनिवारी मला फक्त चेलो ऐकू येतो."

दोन मिनिटं ते डोळे मिटून बसले. मग चिठ्ठी लिहिली, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या स्टॉलकडे गेले. बाईंनी त्यांची पाठ वळायचीही वाट पाहिली नाही. चिठ्ठी उचलली.

'निळा: सभ्य, नीटनेटका. पिवळा: जिवंत. वाजवणाऱ्यांचा मंच रुंद झाला, बारकावे वाढले, चेलोवाला दोन हात पुढे येऊन बसला. माझं मत पिवळ्याला.'

"सभ्य!" बाई ओबुचीकडे वळल्या. "सभ्य म्हणजे काय रे? मी काय स्थळ दाखवायला बसलेय का इथे?"

ओबुची गादी पुसत होता. तो म्हणाला, "सभ्य काही वाईट नाही, त्सुजी-सान."

"तू गप्प बस. तुला जिवंत म्हटलंय."

जेवणाच्या सुट्टीत मालकांनी चिठ्ठ्या मोजल्या. पिवळ्याला एकेचाळीस, निळ्याला सतरा. मालकांनी मान वर केली नाही. भाताच्या गोळ्यावर गुंडाळलेलं समुद्री पान सोडवत बसले. ओबुचीने तर आपला डबा उघडलाच नाही. बाईंनी मात्र सगळा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. दहाव्या चिठ्ठीला त्यांच्या कपाळावरची आठी गेली. विसाव्या चिठ्ठीला त्या हसायला लागल्या.

"काय झालं?" मालकांनी घाबरून विचारलं. त्यांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

"वाचा ना. मंच रुंद. बारकावे जास्त. जिवंत. पुढे येऊन बसला. मालक, सदतीस वर्षं मी हे शब्द वाचतेय. हे आवाज चांगला असल्याचे शब्द नाहीत, आवाज मोठा असल्याचे आहेत! एवढासा मोठा, की मोठा आहे हे कळत नाही, नुसता बरा वाटतो."

"पण लोकांनी ऐकलंच ना शेवटी? ऐकू आलं तेच लिहिलं."

"ऐकलं की! चुकीच्या तराजूवर ऐकलं." बाई उठल्या. "थांबा. मुकाईदा-सानना बोलवा. दातांचा डॉक्टर आहे, दुखलं तरी ओरडणार नाही."

मुकाईदा-सान खालच्या मजल्यावर नूडल्स खात होते, तिथून त्यांना आणलं. बाईंनी त्यांना पाठमोरं बसवलं, फीत दिसणार नाही असं. निळा चढवला, त्यांचा चेलो लावला. मिनिटभराने तो काढला, गाद्या पुसल्या, आणि तोच निळा परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. मधे अँपची गुंडी तेवढी एक खटका पुढे सरकवली. त्या गुंडीला दर पायरीला बारीकसा खटका बसतो. एक खटका म्हणजे एक डेसिबल, कुणाच्या लक्षातही येऊ नये इतका.

"हां! हा दुसरा," मुकाईदा-सान डोळे मिटूनच म्हणाले. "हा मी दिवसभरही ऐकत बसलो असतो. बघा ना, खोली मोठी झाली. गजाला राळ लावलेली कळते. वायर बदललीत का?"

मालक खोकले. ओबुचीने तोंड फिरवलं. बाईंनी त्यांना वळवलं आणि हातातली निळी फीत दाखवली.

"हा पण निळाच. तो पण निळाच. मी नुसती गुंडी फिरवली."

मुकाईदा-सान क्षणभर लालबुंद झाले. मग इतके मोठ्याने हसले की शेजारच्या तीन स्टॉलवरच्या लोकांनी डोळे उघडले. "त्सुजी-सान, भूल न देता दाढ काढलीत की हो माझी! माझी सकाळची चिठ्ठी फाडा. फाडा म्हणतो ना!"

बाईंनी पेटीतून रबरी कान काढला. आत माइक बसवलेला, माप घ्यायचा. आधी निळा मोजला, मग पिवळा. आकडा आला. पिवळा एका खटक्याने जोरात. पुरता एक, वर काही नाही.

"एकच?" मालक म्हणाले. "मला वाटलं बरंच असेल."

"मलाही वाटलं होतं. एक तर एक," बाई घाईत म्हणाल्या. रांग पुन्हा लागायला सुरुवात झाली होती. "एकाने किती घोटाळा होतो ते आत्ता बघितलंत ना? सकाळच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द. आता पिवळा लावताना गुंडी एक खटका मागे. मग बघू कोण जिवंत आणि कोण सभ्य."

"ओबुची, तुझं काही म्हणणं?" मालकांनी विचारलं.

"त्सुजी-सानचं बरोबर आहे," ओबुची म्हणाला. "मीच सकाळी बोलायला हवं होतं."

बाईंना त्याचा हा भलेपणा नेहमीच टोचायचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी वारं फिरलं. पहिल्या दहा चिठ्ठ्यांत सहा निळ्याला. मग एक वेळ अशी आली की दोघे बरोबरीत. मग पुन्हा निळा पुढे. लोक आता वेगळं लिहायला लागले होते. 'निळा ओळखीचा वाटतो, आईच्या स्वयंपाकासारखा.' 'निळ्यावर तासन्‌तास बसता येईल.' 'पिवळा विचार करायला लावतो, पण निळा घरी नेईन.' बाई गाद्या पुसताना गुणगुणत होत्या. साडेतीनला निळ्याला एकोणीस, पिवळ्याला चौदा. मुकाईदा-साननीही परत रांगेत उभं राहून, नियमाने तिकीट घेऊन, निळ्याला मत दिलं आणि जाता जाता डोळा मारला.

मालक हळूच म्हणाले, "नोबुए-सान, सोमवारी तुमचाच साचा पडतोय असं दिसतंय."

"दिसतंय काय? पडतोयच," बाई म्हणाल्या. पोटात काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! पंचवीस वर्षांच्या पोरीला व्हाव्यात तशा. आपल्यामागे निदान वीस वर्षं तरी हा आवाज कुठे कुठे वाजत राहील, कुणीतरी थकून घरी येईल आणि हा चढवेल, एवढं एकच त्यांना हवं होतं. ते आता मिळालं होतं.

चारच्या सुमाराला ऐकायला बसलेल्या एका तिकीटवाल्याला फोन आला आणि तो उठून गेला. खुर्ची रिकामी झाली. "मी बसते," बाई म्हणाल्या. "हरणाऱ्याचं तोंड एकदा बघून घेते." त्यांनी पिवळा चढवला आणि आपलं नेहमीचं गाणं लावलं. एक बाई, एक पियानो, बाकी काही नाही. हजार वेळा ऐकलेलं.

आणि त्यांचा हात आपोआप निळ्याच्या मापावर असलेल्या गुंडीकडे गेला. एक खटका मागे. दोन. तीन.

बोटं तिथेच थांबली.

तीन? मघाशी रबरी कान काय म्हणाला होता? एक.

बाई गुंडीकडे बघत राहिल्या. तीन कुठून आले, ते त्यांना लगेच आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी ओबुचीने पहिला नमुना आणला, तो खरंच तीन खटक्यांनी जोरात होता. जोराला भुलायचं नाही म्हणून बाईंनी तेव्हाच हाताला वळण लावून घेतलं होतं, की ओबुचीचा ऐकताना तीन मागे. पण तो नमुना गेल्या थंडीतच मोडीत निघाला. त्याने पडदा बदलला, तारा बदलल्या, सगळं नव्याने केलं. बाईंचा हात मात्र तीनवरच राहिला. जगाला मोजून ऐका म्हणून सांगणाऱ्या बाईंनी स्वतः पुन्हा मोजलंच नव्हतं. आठ महिने त्या रोज पिवळ्याला दोन खटके जास्त दाबून ऐकत होत्या, आणि म्हणत होत्या, मी किती निःपक्षपाती!

दोन खटके पुढे. बाईंनी डोळे मिटले.

गाणारीने श्वास घेतला. तो श्वास बाईंनी निळ्यातही ऐकला होता, पण तिथे तो नुसता श्वास होता. इथे तिला गायला भीती वाटत होती. पहिल्या ओळीआधी ती घाबरली होती! हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात ही बाई घाबरलेली आहे, हे नोबुएला माहीतच नव्हतं. पियानोच्या पेडलवरून पाय उचलल्याचा आवाज आला, आणि त्यानंतरची शांतताही ऐकू आली. बाईंनी निळा चढवला. तोच श्वास, गोड, मऊ, काठ घासून गुळगुळीत केलेला. पुन्हा पिवळा. पुन्हा निळा. खोटं बोलायला जागाच नव्हती. निळा चांगला होता. पिवळा खरा होता.

कुणालाही काही कळलं नसतं. चिठ्ठ्या त्यांच्या बाजूने होत्या, तराजू सरळ होता, आणि तो सरळ त्यांनीच केला होता. एक तास गप्प बसलं की झालं. त्यांनी हेडफोन काढला, गाद्या पुसल्या, फार वेळ पुसल्या. मग उठून मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मालक, सोमवारी पिवळ्याचा साचा टाका."

मालकांना वाटलं चेष्टा आहे. "अहो, निळा पुढे आहे."

"असू दे. त्यांनी मिनिटभर ऐकलंय. ओळखीचं वाटलं ते निवडलं. मी तो आवाज सदतीस वर्षं त्यांच्या कानात घातलाय, ओळखीचा वाटणारच. निळा मी मागे घेते."

ओबुची मधे आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "नाही. तुम्ही जिंकताय, त्सुजी-सान. माझ्यावर दया नको."

"दया?" बाई उसळल्या. "आवाजाच्या बाबतीत मी आजवर कुणावर दया केली आहे का? स्वतःच्या लेकीचं व्हायोलिन मी बंद करायला लावलं! तुझी काय पत्रास? ऐक. तुझा नवा नमुना मी एकदाही नीट ऐकला नव्हता. जुन्याच्या हिशेबाने तीन खटके मागे करून ऐकत होते. आज पहिल्यांदा बरोबर ऐकला. माझी चूक आहे. ती मी मालकांसमोर सांगतेय, आणखी काय करू?"

ओबुचीच्या तोंडावर काहीतरी विचित्र हललं.

"तीन मागे?" तो म्हणाला. "म्हणूनच तुम्ही रोज म्हणायचात, हळू आवाजात हा मरतो, याच्यात जीव नाही."

"म्हणायचेच. मरतच होता."

"मी आठ महिने त्याच्याच मागे होतो." ओबुची मागच्या खोक्यावर मटकन बसला. "मला हळू आवाजात नीटच ऐकू यायचं. म्हटलं, त्सुजी-सानना ऐकू येतंय ते मला येत नाही, माझेच कान कच्चे. म्हणून रोज आणखी हळू करून ऐकायचो. अगदी हळू आवाजातही श्वास जिवंत राहील, एवढं करत राहिलो. आठ महिने भुतामागे धावलो मी."

"भूत नव्हतं रे," बाई म्हणाल्या. "मी होते."

मालकांनी चष्मा काढला आणि परत घातला. बाईंनी पाय जुळवले आणि ओबुचीसमोर कमरेत वाकून नमस्कार केला, धाकट्यासमोर थोरल्याने कधी करू नये इतका खोल. तो तडफडत उठला आणि त्याहून खाली वाकला.

मग बाई मागच्या जिन्यात गेल्या आणि रडल्या. निळ्यासाठी रडल्या, मार्चसाठी रडल्या, आणि त्या घाबरलेल्या गाणारीला इतकी वर्षं गुळगुळीत करून ठेवलं म्हणूनही रडल्या. पाच मिनिटं मनसोक्त. मग नाक शिंकरून, चेहरा धुऊन परत आल्या. रांगेत अजून सहा माणसं उभी होती. बाईंनी निळा हेडफोन उचलला, फीत न सोडता पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"एकशे पाच नंबर! या, बसा," त्या पुढच्याला म्हणाल्या. "आता एकच ऐकायचा आहे."